रोझफिंच पक्ष्यांच्या थव्यात लाल एकच, मग बाकीच्या सगळ्या माद्या?

पन्हाळ्याखाली आमच्या बांधावर घाणेरीच्या झुडपात चिमणीएवढा लाल डोक्याचा पक्षी दिसला. लाल मुनियाच ना?

नाही. मुनिया चिमणीपेक्षा बरीच लहान, चोचही लाल आणि अंगावर पांढरे ठिपके. तुम्ही पाहिलात तो रोझफिंचचा नर. डोकं, गळा, छाती लालसर गुलाबी, पाठ तपकिरी, शेपटीच्या टोकाला खाच. चोच आखूड नि जाडजूड असते, तिनं तो घाणेरीची फळं चेंदून खातो.

राधानगरीला थवा बघितला, त्यात लाल एकच. एका नरामागं एवढ्या माद्या?

सगळ्या माद्या नसणार. या जातीचा नर पहिलं वर्षभर मादीसारखाच मातकट असतो: छातीवर रेघोट्या, पंखावर दोन फिकट पट्ट्या, काळाभोर मण्यासारखा डोळा. गंमत म्हणजे हा मातकट पोरगाही विणीच्या हंगामात गातो, जोडी जमवतो. लाली येते ती त्यानंतरच्या पिसांना. तो रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड या लाल-पिवळ्या रंगद्रव्यातून येतो. म्हणूनच पिंजऱ्यातल्या नराची पिसं झडून नवी आली की लालऐवजी पिवळट निघतात. (पिंजऱ्यात ठेवायचा विचारही करू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.) आपले हौशी फोटोवाले लाल नरामागं धावतात आणि मातकटांवर कॅमेराही रोखत नाहीत, हे मला तरी पटत नाही.

हे येतात कुठून? इथं घरटं करतात का?

इथं फक्त हिवाळा काढतात, घरटं नाही. वीण हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या आसपास झाडोऱ्यात, आणि मध्य आशियापासून सैबेरियापर्यंत. विसाव्या शतकात ही जात युरोपात पश्चिमेकडं पसरत गेली. युरोपातले कितीतरी छोटे पक्षी हिवाळ्यात आफ्रिका गाठतात, पण फिनलंडचा रोझफिंच आग्नेयेला वळून भारतीय उपखंडाकडंच येतो. नव्या मुलखात बिऱ्हाड केलं, पण जुनी वाट काही सोडली नाही. बांधावरचा तुमचा पक्षी यातल्या कुठल्या गावचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही. एप्रिलपर्यंत ते परततात. निघायच्या सुमाराला कान द्या, नर गोड, चढती शीळ घालू लागतात.

गच्चीत तांदूळ-बाजरी ठेवली तर येतील?

चिमण्या, पारवे येतील. रोझफिंचला उंबर-वडाची फळं, बांबूचं आणि कारवी या डोंगरउतारावरच्या झुडपाचं बी, कळ्या, फुलांतला मध लागतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्यानंतर बी धरतं तेव्हा थवे तिथं तुटून पडतात. अन् आपल्याकडं नेमकं फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत चांगलं फुटावं म्हणून डोंगर पेटवतात. त्यात ते बी जातंच, झुडपंही जातात. धान्याची वाटी राहू द्या. गावात कुणी काडी ओढायला निघालं तर त्याला अडवा, आणि बांधावरची घाणेरी काढायचीच असेल तर एप्रिल सरल्यावर काढा.