रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले हमखास दिसावीत म्हणून कधी आणि किती दिवस जावे?

हमखास असे काही नसते, पण शक्यता नक्की वाढवता येते. मार्च ते एप्रिलचा पहिला आठवडा धरा आणि दोन रात्री मुक्काम करा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी कोल्हे-कुत्र्यांपासून वाचवायला किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवलेली असतात. ती फुटायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. घरट्यांवरच्या टोपल्या सकाळी आणि संध्याकाळी उचलून पाहतात, पिल्ले असतील तरच सोडतात. दुपारी पोहोचून तिसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर चार संधी मिळतात. एका दिवसाच्या धावत्या सहलीत बहुतेकांची निराशा होते. निघण्याआधी घरगुती निवासाच्या यजमानांना फोन करून कोणती घरटी फुटायला आली आहेत ते विचारा.

फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद ठेवा. पिल्ले उजेडाकडे वळतात, समुद्राची दिशा चुकते. पिल्लांच्या वाटेला लावलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नका, तुमच्या पावलाचा खड्डा त्यांना ओलांडवत नाही. उचलून पाण्यात सोडण्याचा मोह तर टाळाच.

श्रीवर्धनकडून येत असाल तर बागमांडला-वेशवी फेरीबोटीत गाडीही चढते.