इंग्लंडमध्ये हिवाळ्यात नदीवर गळ टाकून काही लागतं का?

लागतं, पण चब या नदीतल्या माशाच्या मागे जा. पाणी गारठलं की बार्बेल हा दुसरा मासा सुस्तावतो, चब मात्र खात राहतो. पांढऱ्या पावाचा मऊ गाभा गळाला चिमटून लावा, किंवा चीज कणकेत मळून गोळी करा. पाण्यावर झुकलेल्या झाडाखालची संथ जागा शोधा. आधी चुरा टाका, पण मूठभरच. पोट भरलं की तो आमिषाकडे फिरकत नाही. पूर ओसरतोय आणि हवा जरा उबदार झालीय, अशा दिवशी दुपारपासून अंधार पडेपर्यंत बसाच. वितळलेल्या बर्फाचं पाणी आलं असेल तर घरीच थांबा. १३ वर्षांपासून पुढे सगळ्यांना रॉड लायसन्स (गळाने मासे धरायचा परवाना) लागतं, शिवाय त्या काठाची परवानगी. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर चब, बार्बेल अशा माशांसाठी गळ टाकायला बंदी. आणि मासा हात ओले करूनच धरा, लगेच पाण्यात सोडा.