संत्र्याच्या ओळींमध्ये क्लोव्हर पेरावे का?

प्रश्न : मोर्शी तालुक्यात, काळ्या जमिनीत माझी संत्र्याची आठ वर्षांची बाग असून लागवड ६ बाय ६ मीटरवर आहे. मी आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलांचे पीक, घेतो. ओळींमधली जागा वर्षातून चार-पाच वेळा रोटाव्हेटर फिरवून स्वच्छ ठेवतो. जपानमधील नैसर्गिक शेतीचे प्रणेते मासानोबू फुकुओका यांनी आपल्या संत्रावर्गीय बागेत पांढरा क्लोव्हर ही जमिनीवर पसरणारी द्विदल वनस्पती वाढवली होती, असे वाचनात आले. तसा क्लोव्हर आणि गवत मला ठेवता येईल का?

उत्तर : जमीन झाकण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे, मात्र वनस्पती बदलावी लागेल. पांढरा क्लोव्हर थंड, ओलसर हवेत टिकतो. फुकुओका यांची बाग शिकोकू बेटावर होती आणि तिथे उन्हाळ्यातही भरपूर पाऊस पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात तो जळून जाईल. क्लोव्हरचेच भावंड असलेले बरसीम हे चारापीक आपल्या परिचयाचे आहे, पण तेही मी सुचवणार नाही. बरसीम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरले की थंडीभर त्याला वरचेवर पाणी द्यावे लागते आणि आंबिया बहारासाठी आपण नेमके डिसेंबर-जानेवारीत झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देता, म्हणजे फुले एकदम येतात. ओळींमध्ये बरसीम भिजत राहिले, तर मुळांना ओल मिळत राहील, ताण नीट बसणार नाही आणि फुलोरा मागेपुढे होईल.

त्याऐवजी मृगाच्या पावसावर ओळींमधल्या पट्ट्यात ताग किंवा न वेलावणारी चवळी पेरावी. दोन्ही द्विदल असल्याने मुळांवरच्या गाठींत नत्र साठते. पीक फुलोऱ्यावर येताच, साधारण ४० ते ४५ दिवसांनी, कापून जागीच पसरावे. उशीर झाल्यास तागाचे खोड टणक होते आणि कुजायला वेळ लागतो. त्यानंतर उगवणारे साधे गवत वाढू द्यावे आणि बी धरण्यापूर्वी ग्रासकटरने तीन-चार इंच ठेवून कापत राहावे. हरळी आणि लव्हाळा मात्र मुळांसकट काढावेत, कारण त्यांना एकदा थारा मिळाला की झाडांच्या आळ्यांतही ते शिरतात.

रोटाव्हेटर कृपया थांबवावा. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या फूट-दीड फुटाच्या थरातच असतात. प्रत्येक फेरीत ती तुटतात आणि जखमांवाटे बुरशीला वाट मिळते. डिंक्याने, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या बुरशीजन्य रोगाने, किती जुन्या बागा गेल्या, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. त्याच कारणासाठी बुंध्याभोवती हातभर जागा कायम मोकळी ठेवावी, कापलेले गवत तिथे टेकू देऊ नये आणि पाणी साचत असल्यास ओळींमधले चर गवताने बुजू देऊ नयेत.

गवत राखायचे म्हणून धुऱ्यावरचे (बांधावरचे) सगळेच राखू नये. फळांतील रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून या वेली काढून टाकाव्यात.

शेवटची कापणी ऑक्टोबरअखेर करावी, पण ते गवत लगेच आळ्यांत पसरू नये. काळी जमीन आधीच ओल धरून ठेवते आणि वर आच्छादन पडले तर ताण बसायला उशीर होतो. गवत कडेला रचून ठेवावे आणि ताण तोडून पाणी सुरू केल्यावर आळ्यांत चार बोटे जाडीने पसरावे. मार्च ते मे या काळात ओल टिकवायला तेच उपयोगी पडेल.