गोदावरीचा काठ आणि टोरांटोचा नळ

प्रिय बाळा,

गणपतीच्या पूजेत तू विचारलंस, "आपण टोरांटोत राहतो, मग बाबा 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' का म्हणाला? देवाला खोटा पत्ता चालतो का?" आरतीच्या गडबडीत उरकण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून लिहिते आहे.

बाबा म्हणत होता तो संकल्प. आपण कोण, कुठे आणि कधी बसलोय, पूजा कशासाठी करतोय, हे आधी सांगायचं आणि हातातलं पाणी ताम्हनात सोडायचं. तू पत्ता म्हणालीस ते बरोबरच आहे. फक्त हा पत्ता घरापासून नाही, ब्रह्मदेवाच्या वयापासून सुरू होतो.

"द्वितीये परार्धे" म्हणजे त्याच्या शंभर वर्षांपैकी पन्नास सरली, एक्कावन्नावं चालू आहे. त्याचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आपली 432 कोटी वर्षं. आजच्या दिवसाचं नाव श्वेतवाराहकल्प. दिवसभरात चौदा मनू होतात. सध्या सातवा, वैवस्वत. त्याच्या अठ्ठाविसाव्या चौकडीतलं (चार युगांची एक चौकडी) हे कलियुग 4,32,000 वर्षांचं. पंचांगाच्या हिशेबाने ते इसवी सनापूर्वी 3102 मध्ये लागलं, म्हणजे पाच हजारांच्या थोडी वर गेलीत, म्हणून "प्रथमचरणे", म्हणजे पहिल्याच चतुर्थांशात. मला संकल्पातला हा भाग सगळ्यांत जास्त आवडतो. एवढ्या अफाट काळात आपण कुठे उभे आहोत ते आधी सांगायचं, नाव-गोत्र त्यानंतर!

मग जागा. मध्ये मेरू पर्वत, त्याभोवती संकल्पात येणारं आपलं जंबुद्वीप, मग समुद्र, मग द्वीप, अशी सात द्वीपं आणि सात समुद्र: खारं पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध आणि गोडं पाणी. शाळेच्या नकाशात हे शोधू नकोस, ते सापडायचं नाही. पण हे चित्र केवढं पसरलं बघ. अशोकाच्या शिलालेखात जंबुद्वीप आहे, बौद्धांकडे आणि जैनांकडेही मेरू आहे. कंबोडियात बाराव्या शतकात अंगकोर वाट बांधलं, त्याची पाच शिखरं म्हणजे मेरू आणि भोवतीचा खंदक म्हणजे समुद्र.

आता गोदावरी. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पूजा सांगत होते आणि पुणं गोदावरीच्या दक्षिणेला, म्हणून तो काठ आला. नदीपलीकडची माणसं "उत्तरे तीरे" म्हणतात. म्हणजे माणूस जिथे बसेल तिथलं नाव घ्यायचं, ही रीतच आहे. अमेरिकेतले काही पुरोहित जंबुद्वीपाऐवजी त्या सातांतलंच दुसरं, क्रौंचद्वीप म्हणतात. मला ते पटतं. इथे राहायचं, इथलं पाणी प्यायचं आणि देवासमोर मात्र या जागेचं नावही घ्यायचं नाही, हे बरं नाही.

आणि म्हणून गोदावरी तुटते असं समजू नकोस. कलशपूजेत म्हणतात, "कुक्षौ तु सागराः सर्वे सप्तद्वीपा वसुंधरा": सगळे समुद्र आणि सात द्वीपांची पृथ्वी या कलशाच्या पोटात आहे. मग गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी यांना नावाने हाक मारून सांगायचं, या पाण्यात या. आपल्या कलशात नळाचं, ओंटारियो सरोवराचंच पाणी होतं. हाक त्यालाच होती. नद्या येतात हे मी लहानपणापासून मानत आले, इथेही मानते.

तेव्हा पुढच्या वर्षी आपण "ओंटारियोसरोवरस्य उत्तरे तीरे" म्हणू. टोरांटो उत्तर काठावरच आहे. गुरुजींना मी आधीच विचारून ठेवते. संकल्पात सांगायचं वर्ष, म्हणजे शक, तू काढ: पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनातून 78 वजा करायचे. तिथी पंचांगात बघू. बाकीचा संकल्प बाबा म्हणेल, जागेचे शब्द तू म्हण.

तुझी,
आई