नैरोबीहून परतताना: मुलाची नोंद, दिरांचा कागद आणि मंडळीचे पैसे

प्रश्न: आम्ही मूळचे अहिल्यानगरचे. २०१२ पासून नैरोबीत मिशनची सेवा करतो, माझे पती चर्चचे पाळक आहेत. येत्या जूनमध्ये कायमचे परत येतोय. सासरे २०१९ मध्ये गेले, सासूबाई २०२३ मध्ये. घर सासऱ्यांनी स्वतः घेतलेलं. तिथे दीर राहतात आणि हक्कसोडपत्रावर सही करा म्हणून मागे लागलेत. नणंद पुण्याला असते. त्यांचं म्हणणं, "तुम्ही आयुष्य देवाला दिलंत, आता घरात वाटा कसला? घरपट्टी मीच भरतोय." मोठी मुलगी भारतात जन्मली. धाकटा २०१७ मध्ये नैरोबीत. त्याचा केनियाचा जन्मदाखला आहे, पासपोर्ट अजून काढला नाही. इथली एक मंडळी (चर्च) आम्ही भारतात सेवा करत राहावी म्हणून दरमहा पैसे पाठवायला तयार आहे. आम्ही काय करावं?

उत्तर: सलाम ताई. तुम्ही घराचं आधी लिहिलंत आणि मुलाचं जाता जाता. मी उलटीकडून सुरू करते, कारण घराला कुलूप लावून कोणी पळत नाही, पण मुलाचं काम नैरोबी सोडण्याआधीच व्हायला हवं.

३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेलं मूल आई-वडील भारतीय आहेत म्हणून आपोआप भारतीय होत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ नुसार जन्मापासून वर्षभरात भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. तुमचं ते वर्ष कधीच उलटलं. तिकडे केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेप्रमाणे जन्माने नागरिक व्हायला आई किंवा वडील केनियाचे असावे लागतात. म्हणजे तुमचा लेक आज कागदावर ना इथला, ना तिथला. घाबरू नका, वर्ष उलटल्यावरही केंद्र सरकारच्या परवानगीने नोंद होते. त्यासाठी नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत अर्ज करा. मुलाचा जन्मदाखला, तुमचा विवाहाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट, उशीर का झाला याचा खुलासा आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं तुमचं लेखी निवेदन जोडा. परवानगीला किती दिवस लागतील यावर जूनची तिकिटं ठरवा. तात्पुरत्या कागदावर त्याला घेऊन या आणि इथे आल्यावर बघू, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आता घर. पहिली गोष्ट, सही करू नका. भावाच्या नावे हक्क सोडायला मुद्रांक किरकोळ लागतो, म्हणून लोक तो कागद कारकुनी समजतात. दुय्यम निबंधकापुढे तो एकदा नोंदला गेला की परत फिरवण्यासाठी फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत वर्षानुवर्षं कोर्टात बसावं लागतं.

दिरांचा "देवाला दिलेलं आयुष्य" हा मुद्दा ऐकून मला हसू आलं, पण त्याला मूळ आहे. हिंदू कायद्यात संसार पूर्णपणे टाकून विधिवत संन्यास घेणाऱ्याचा नागरी मृत्यू झाला असं धरतात आणि त्याचा वारसाहक्क संपतो. तुमचे पती लग्न झालेले, दोन लेकरांचे बाप, पगार घेणारे पाळक. त्यांना हे लागू होत नाही. परदेशात राहिल्यानेही वाटा जात नाही.

तुम्ही ख्रिस्ती असल्याने इथे भारतीय वारसा कायदा १९२५ चालतो. आपल्याकडे हे तलाठ्यापासून वकिलापर्यंत अनेकांच्या लक्षात राहत नाही, सगळे हिंदू कायद्यानेच बोलतात. या कायद्यात जन्मतः मिळणारा वडिलोपार्जित हक्क असा नसतो. सासरे हयात असेपर्यंत सगळं त्यांचंच होतं आणि ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकत होते. म्हणून दिरांना आधी एवढंच विचारा की मृत्युपत्र आहे का, असल्यास प्रत द्या. नसेल तर हिशेब सोपा आहे. सासरे गेले तेव्हा १/३ सासूबाईंना मिळालं. उरलेलं २/३ मुलांत सारखं वाटलं गेलं, मुलगा-मुलगी असा फरक नाही. तुमच्या चिठ्ठीत एका कोपऱ्यात पुण्याच्या नणंदेचा उल्लेख आहे. म्हणजे लेकरं तीन, प्रत्येकी २/९. सासूबाईंचंही मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या १/३ चे तीन भाग, प्रत्येकी १/९. बेरीज केली की तिघांचा प्रत्येकी वाटा १/३. तुम्हा दोन्ही कुटुंबांच्या बोलण्यात नणंदबाईंचं नाव वाट्यासाठी कुठेच नाही, हे मला खटकलं. तुमचे पती वाटा मागणार असतील तर बहिणीचाही मान्य करूनच मागावा लागेल.

घरपट्टी भरणं हा मालकीचा पुरावा नाही. फार तर वाटणीच्या वेळी दीर तो खर्च हिशेबात मागू शकतात आणि तो द्यावा, न्याय्यच आहे. सहवारसांपैकी एक जण राहतो म्हणून घर त्याचं होत नाही. मात्र "तुमचा इथे काहीही हक्क नाही" असं त्याने उघड सांगितलं की प्रतिकूल कब्जाचं, म्हणजे दुसऱ्याचा हक्क नाकारून दीर्घकाळ ताबा ठेवल्याने मालकी मिळण्याचं, घड्याळ सुरू होऊ शकतं, मुदत १२ वर्षं. त्यांचे तसे मेसेज असतील तर पुसू नका. एक शांत लेखी उत्तर पाठवा: आमचा १/३ हिस्सा आम्ही सोडलेला नाही. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डचा) उतारा काढा. एकटाच वारस म्हणून त्यांनी नाव चढवलं असेल तर हरकत घ्या. त्या नोंदीने मालकी ठरत नाही, पण गिऱ्हाईक तीच बघून येतं.

उतारा हातात आला की जागा कुणाच्या नावावर आहे तेही बघा. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. मिशन कंपाऊंडमधली कितीतरी घरं तीन-तीन पिढ्या राहूनही ट्रस्टच्या जागेवर आहेत. तसं निघालं तर भांडायला जागाच उरत नाही: दिरांना ती विकता येणार नाही, तुम्हाला वाटून घेता येणार नाही. ट्रस्टलाही विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते.

मंडळीच्या दरमहा पैशाला मात्र माझा स्पष्ट नकार. भारतात धार्मिक कामासाठी परदेशातून येणारा पैसा परकीय अंशदान कायदा २०१० खाली येतो आणि त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. तो पतीच्या बचत खात्यात येऊ लागला तर चौकशी तुमच्याच दारी येईल. ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेकडे पाठवून तिथून वळवणंही २०२० च्या दुरुस्तीने बंद झालं आहे. सरळ मार्ग एकच: या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेत पतींनी नोकरी घ्यावी, नेमणूकपत्र आणि पगारपत्रक असावं, मंडळीने देणगी त्या संस्थेला तिच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यात द्यावी.

तुमच्या स्वतःच्या बचतीचं तसं नाही. केनियात राहत असताना मिळवलेला पैसा तिथल्या खात्यात ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची आडकाठी नाही. इथल्या बँकेला परतल्याचं कळवून एनआरओ (अनिवासींचं) खातं निवासी करून घ्या. आयकरात मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असणाऱ्याला परतल्यावर काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' हा दर्जा मिळतो आणि तेवढ्या काळात परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर सहसा इथे कर लागत नाही. तुम्ही त्यात बसाल असं दिसतं, पण पासपोर्टवरचे शिक्के घेऊन सीएकडून दिवस मोजून घ्या. स्वागताला नगरच्या मंडळीने वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त भेट दिली तर ती मात्र करपात्र ठरू शकते.

शाळेची चिंता नको. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा धाकट्याचा प्रवेश अडवू शकत नाही, वयाप्रमाणे वर्ग मिळतो.

दिरांशी बोलताना कोर्टाचा शब्द पहिल्या दिवशी काढू नका. त्यांना घर हवं आहे आणि तुम्हाला नगरला राहायचंच आहे असं चिठ्ठीवरून वाटत नाही. बाजारभावाने त्यांनी तुमचा आणि नणंदबाईंचा हिस्सा विकत घ्यावा, असा प्रस्ताव तिघा भावंडांनी बसून करता येईल. त्यांनी मान्य केला तर हक्कसोडपत्र तेव्हाही करता येईल, पैसे खात्यात आल्यावर.