केगच्या पोस्टखाली काय साचतं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आल्याचा सोडा पहिले चार-पाच वेळा छान झाला. आता तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्याला ओल्या फडक्यासारखा वास येतो आणि बाटली उघडली की निम्मा सोडा फेस होऊन ओट्यावर येतो. दरवेळी केग, म्हणजे सोडा दाबाखाली भरायची ती स्टीलची टाकी, गरम पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं धुता, शेवटी सॅनिटायझरही फिरवता, म्हणून यापेक्षा कडक सॅनिटायझर कोणतं घ्यावं असं विचारलंय. माझं सरळ उत्तर: कुठलंच घेऊ नका. तुमच्याकडे आहे ते पुरेसं आहे. ते लागू पडत नाही, कारण केग अजून आतून पुरता धुतला गेलेलाच नाही.

माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो, नऊ वर्षं झाली घरी आल्याचा सोडा, कोकम सोडा आणि कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) करतोय. केग तोच नेहमीचा, १९ लिटरचा, बॉल लॉक जोडणीचा. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात सलग तीन वेळचा सोडा मोरीत ओतावा लागला. केग आतून आरशासारखा चकचकीत, हात घालून पाहिला तर कुठे बुळबुळीत नाही. शेवटी एका रविवारी पाना घेऊन बसलो आणि द्रवाच्या बाजूचा पोस्ट, म्हणजे पाइप जोडायचं केगवरचं तोंड, उघडला. आतली उभी नळी, म्हणजे डिप ट्यूब, वर ओढून काढली. तिच्या कॉलरखाली जी छोटी रबरी रिंग असते, तिच्या खाली तपकिरी, चिकट असा लेप होता. नखानं खरवडला तर आल्याचा शिळा चोथा लागला हाताला, आणि वास? तोच, ओल्या फडक्याचा. पोस्टच्या आत स्प्रिंगवर बसणारं ते इवलंसं पॉपेट, म्हणजे झडप, त्याच्या रबराभोवतीही तेच. मी दरवेळी १९ लिटरचं भांडं घासत होतो आणि प्रत्येक ग्लास मात्र त्या चिमूटभर घाणीतून गाळून येत होता.

लहानपणी गोटीच्या सोड्याचा एक कारखाना बघितला होता. हायरम कॉडनं १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ती बाटली, गळ्यात गोटी आणि तोंडाशी आतून बसवलेली रबराची रिंग. तिथले काका बाटल्या धुण्याआधी आकड्यानं ती रिंग ओढून काढायचे आणि वेगळ्या बादलीत टाकायचे. मला तेव्हा वाटायचं, उगाच दुप्पट काम. केग उघडला त्या दिवशी त्यांची आठवण झाली. जिथे रबर धातूला किंवा काचेला घट्ट टेकतं, तिथे ब्रश जात नाही, पाण्याची धार जात नाही, गोड पाणी मात्र जातं.

आता सॅनिटायझर का हरतं ते. साखर, आल्याचा गर आणि जंतू मिळून एक बुळबुळीत थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. सॅनिटायझर वरच्या वर काम करतं, थराच्या आत शिरत नाही. वरचे मरतात, खालचे जिवंत राहतात, आणि पुढचा गोड सोडा भरला की पुन्हा वाढतात. त्यात रानटी यीस्ट असलं तर ते साखर खाऊन आणखी गॅस तयार करतं. तुमचा ओट्यावर येणारा फेस बहुतेक त्याचाच आहे. म्हणून एक विनंती, हे निस्तरेपर्यंत काचेच्या बाटल्या अजिबात वापरू नका. प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्याच घ्या. बंद काचेच्या बाटलीत आंबणं चालू राहिलं तर ती फुटते, आणि काचा डोळ्यापर्यंत उडतात.

धुण्याकडे येऊ. सगळ्यात आधी झाकणावरची रिलीफ व्हॉल्व्हची कडी ओढून आतला दाब पूर्ण सोडा, सूं आवाज थांबला तरी पुन्हा एकदा ओढा. दाब असताना पोस्ट उघडला तर तो गोळीसारखा सुटतो. मग दोन्ही पोस्ट, दोन्ही पॉपेट, लांब आणि आखूड अशा दोन्ही नळ्या आणि झाकणाची मोठी रिंग, सगळं काढून पांढऱ्या पंचावर मांडा. गॅसचा पोस्ट वेगळा ठेवा, बहुतेक बॉल लॉक केगांवर त्याला बाहेरून खाचा असतात. अदलाबदल झाली तर कपलर, म्हणजे पोस्टवर बसणारा पाइपचा जोड, अडकून बसतो.

भांड्याचा साबण बंद. सुगंधी साबणाचा वास रबरात मुरतो आणि उरलेला साबण फेसही बिघडवतो. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेट घ्या, कपड्यांसाठी ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं ते, मात्र बिनवासाचं. पाण्यात त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो. पन्नास-साठ अंश गरम पाणी, लिटरमागे एक छोटा चमचा, अर्धा तास भिजू द्या, हातात मोजे घाला. दोन गोष्टी सांभाळा. हे पाणी भरून केगचं झाकण लावून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि दाब चढतो. आणि सुटे भाग ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भिजवू नका, पातेलं काळं पडतं. परकार्बोनेट नाही मिळालं तर नुसता धुण्याचा सोडा चालेल, थोडा जास्त वेळ लागेल. खायचा सोडा मात्र याला पुरत नाही. भिजल्यावर डिप ट्यूबमधून बारीक लांब ब्रश आरपार फिरवा आणि ट्यूब खिडकीकडे धरून आत बघा. आतून गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे.

कोमट पाण्यात धुऊनही रबराच्या रिंगला आल्याचा किंवा आंबट वास राहिला तर तिच्यावर वेळ घालवू नका, बदला. सियागंज बाजारात खाण्यापिण्याच्या वापराचं सिलिकॉन रबर मागून मापाची रिंग शोधता येते, जुनी सोबत न्या. रिंग बसवताना खाद्य-वापराचं सिलिकॉन ग्रीस बोटभर पुरे. व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात.

बोअरिंगचं पाणी वापरत असाल तर आणखी एक काम. आपल्या माळव्याच्या काळ्या खडकातलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, केगच्या तळाशी पांढरट पापुद्रा धरतो, आणि त्या खरबरीत पापुद्र्यावर घाण पटकन बसते. धुण्याच्या सोड्यानं तो जात नाही, आम्लानं जातो. सायट्रिक ॲसिड, वाण्याकडचं लिंबूसत्व, लिटरला दोन छोटे चमचे, अर्धा तास. पण आधी परकार्बोनेट किंवा धुण्याचा सोडा, खळखळून धुणं, मग आम्ल, हाच क्रम ठेवा. जलूदहून नळाला येणारं नर्मदेचं पाणी असेल तर हे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा केलं तरी मला पुरलंय.

आता सॅनिटायझर. फॉस्फोरिक आम्लाचं, न धुता चालणारं जे मिळतं, ते लिटरला दीड मिलिलिटर, दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, उरलेला फेस तसाच राहिला तरी हरकत नाही. आरओच्या पाण्यात बनवा. जड पाण्यात ते दुधाळ होतं आणि जोर कमी पडतो, पीएचची (आंबटपणा मोजायची) पट्टी बुडवून तीनच्या खाली आहे का बघा. जास्त ओतून ते कडक होत नाही, उलट चव जाते. काहीच मिळालं नाही तर स्टीलचे सुटे भाग दहा मिनिटं उकळा. केगमध्ये उकळतं पाणी घातलंत तर झाकण घट्ट लावून गार होऊ देऊ नका, आत पोकळी तयार होऊन बाहेरची हवा ओढली जाते. प्लास्टिकच्या बाटल्यांना गरम पाणी नाहीच, सत्तर अंशांच्या आसपास त्या आकसतात, आणि आकसलेली बाटली दाबाखाली धोक्याची. घरी फरशीचं ब्लीच असेल तर ते स्टीलला लावू नका, क्लोराइडनं बारीक खड्डे पडतात आणि त्याच खड्ड्यांत पुढे घाण बसते. ब्लीच आणि आम्ल एकत्र तर कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो.

केग जोडल्यावर त्यात दोन-तीन लिटर सॅनिटायझर घालून झाकण लावा, उलटा-सुलटा करा, मग गॅस जोडून नळानं ते बाहेर काढा. याचा फायदा असा की डिप ट्यूब, पॉपेट, नळाकडे जाणारी पाइप, नळ, सगळ्यातून ते जातं. लोक भांडं सॅनिटाइझ करतात आणि पाइपमध्ये पंधरा दिवसांचा गोड सोडा तसाच राहतो. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अशा ओल्या पाइपमध्ये बुरशी धरायला आठवडाही लागत नाही. दर केगनंतर धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी, मग साधं पाणी, मग सॅनिटायझर. पाइप पिवळट झाली, वाकवली की आत डाग दिसला, तर नवीन घ्या.

गॅस भरायला कार्बोनेशन स्टोन, म्हणजे बारीक छिद्रांचा स्टीलचा ‘दगड’, वापरत असाल तर त्याला बोटं लावू नका, हाताच्या तेलानं त्याची सूक्ष्म छिद्रं बुजतात. वापर झाल्या झाल्या दहा मिनिटं उकळून कोरडा करा. सोडा मशीन असेल तर काम सोपं, त्यात नुसतं पाणीच भरा, सरबत नंतर ग्लासात. तिच्या बाटल्यांवर मुदत छापलेली असते, ती पाळा.

हे सगळं केल्यावर एक चाचणी करा. आल्याचं गोड पाणी उकळून गार करा. दोन सारख्या, सॅनिटाइझ केलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. एकीत ते पाणी थेट भरा. दुसरीत केग आणि नळातून काढून भरा, अजिबात गॅस न मिसळता. दोन्ही अगदी काठोकाठ नको, चार बोटं जागा ठेवा, हवा दाबून काढून झाकण लावा आणि फ्रिजबाहेर ठेवा. रोज दाबून बघा. दोन्ही चार दिवस मऊ राहिल्या तर केग स्वच्छ झाला. फक्त दुसरी टणक झाली तर अजून एखादा भाग उघडायचा राहिलाय, बहुतेक नळ. नळाचा दांडा काढून त्याच्यामागची रिंग बघा, तीही सुटते हे मला फार उशिरा कळलं. दोन्ही टणक झाल्या तर दोष केगचा नाही, तुम्ही पाणी गार करता त्या पातेल्याचा किंवा गाळणीच्या फडक्याचा आहे. चाचणी झाली की दोन्ही बाटल्यांची झाकणं हळूहळू सैल करून पाणी ओतून द्या. चौथ्या दिवशी कोणती टणक झाली ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून बघू.