पोराच्या नादाला नोकरीला लावू नका

पत्र: मॅडम, सप्रेम नमस्कार. मी घाटकोपरला राहतो, पतपेढीत नोकरीला आहे. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला ८४ टक्के. दीड वर्षापूर्वी त्याला मोबाईलवर विमानतळाच्या कंट्रोल टॉवरचं बोलणं ऐकायचा नाद लागला. रोज रात्री न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचं बोलणं ऐकायचा. मी खूप ओरडायचो, एकदा हेडफोन कपाटात बंदही केला. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की एअर ट्रॅफिक कंट्रोलरला सरकारी नोकरी आणि भरपूर पगार असतो. तेव्हा कळलं की पोरगं बिनकामाचं नव्हतं! लगेच अंधेरीच्या एका अकॅडमीत चौकशी केली, बारावीनंतरच्या बीबीए एव्हिएशनसाठी २५,००० रुपये भरून जागा धरली. गणपतीत सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. त्याच्या काकांसमोर 'जरा विमानाचं बोलून दाखव' म्हटलं तर उद्धटपणे इंग्रजीत 'अनेबल' म्हणाला आणि आत निघून गेला. आता दोन महिने ऐकणंच बंद आहे. विमान आलं तरी गच्चीवर जात नाही. छतावर अँटेना लावून मुंबई टॉवरचं बोलणं लोकांना ऐकवायची त्याची पूर्वी इच्छा होती, ते यंत्र घेऊन देऊ का? आवड परत कशी आणायची? पुरावा म्हणून त्याच्या वहीचे फोटो जोडले आहेत. दप्तरातून काढून घेतले.

उत्तर:

नमस्कार. दहावीच्या टक्क्यांचं सोडून द्या, ते चांगलेच आहेत. मी अडखळले ती तुमच्या एका वाक्यावर. 'तेव्हा कळलं की पोरगं बिनकामाचं नव्हतं.' म्हणजे पगाराचा आकडा कळेपर्यंत ते बिनकामाचं होतं. हे तुम्ही त्याच्यासमोर बोललात की नाही, मला माहीत नाही. बोलला नसलात तरी अशा गोष्टी मुलांना कळतात. कालपर्यंत ज्यासाठी हेडफोन जप्त व्हायचा, त्याच गोष्टीसाठी आज काकांसमोर उभं केलं जातंय, यातला हिशोब सोळा वर्षांच्या पोराला चांगला समजतो.

वहीचे फोटो मी दोनदा बघितले. छान वही आहे. पहिल्या पानांवर तारखा, वेळा आणि विमान कंपन्यांची रेडिओवरची नावं आहेत. ब्रिटिश एअरवेजचं 'स्पीडबर्ड', एअर लिंगसचं 'शॅमरॉक', अॅटलस एअरच्या मालवाहू विमानांचं 'जायंट'. एका ठिकाणी त्याने लिहिलंय, 'आज ग्राउंडवाले काका जाम चिडले, पण शब्द एकही वाकडा नाही.' (ग्राउंडवाले म्हणजे जमिनीवरच्या विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक.) दुसऱ्या पानावर धावपट्ट्यांचा हाताने काढलेला नकाशा आहे, त्यावर कोणतं विमान कुठे थांबलं याच्या खुणा. समोरासमोर दोन टॅक्सीवे, म्हणजे विमानांना धावपट्टीकडे नेणारे रस्ते, मध्ये बाण, बाजूला प्रश्नचिन्ह. केवळ आवाज ऐकून तो डोळ्यांपुढे विमानतळ उभा करत होता. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

मग एक पान येतं जिथे लाल शाई आहे. 'महत्त्वाचे! पाठ कर.' खाली अल्फा, ब्राव्हो, चार्लीची यादी (रेडिओवर ए, बी, सी ही अक्षरं अशी उच्चारतात) तुमच्या अक्षरात, पुढे बरोबरच्या खुणा. त्यानंतर त्याच्या अक्षरातली तीन पानं, आणि मग कोरी वही. आवड कुठे गेली असं तुम्ही विचारता. तुम्हीच पाठवलेल्या फोटोत ती जागा दिसतेय.

'अनेबल' बद्दलही सांगते, कारण तुमचा त्यात फार गैरसमज झालाय. तो उद्धटपणा नव्हता. वैमानिकाला नियंत्रकाची सूचना पाळता येण्यासारखी नसेल, तर तो हा शब्द उच्चारतो. इंधन, वजन, हवामान, काहीही असेल. जमलं तर कारणही सांगतो. नियंत्रकही 'का नाही?' म्हणून वाद घालत नाही, दुसरा पर्याय देतो. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने एका विमानाची दोन्ही इंजिनं गेली. नियंत्रक धावपट्टी देऊ करत होता आणि कॅप्टन सलेनबर्गर यांचं उत्तर होतं की ते जमणार नाही, आम्ही कदाचित हडसनमध्ये उतरू. ते नदीत उतरले आणि विमानातले १५५ च्या १५५ जण वाचले. ते संभाषण तुमच्या मुलाने ऐकलेलं असणार, या नादातल्या कुणीही ते चुकवत नाही. तुमच्या पोराने तुम्हाला त्याच्या जगातला सगळ्यात सभ्य नकार दिला होता. तुम्ही त्यावर काय केलंत, ते पत्रात लिहिलेलं नाही.

मूळ नाद काय आहे तेही समजून घ्या. विमान आणि टॉवर यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, साध्या एएम पद्धतीने, उघड चालतं. ही लहर साधारण सरळ रेषेत जाते. त्यामुळे आकाशातलं विमान खूप लांबून ऐकू येतं, पण जमिनीवरचा टॉवर ऐकायला विमानतळाच्या जवळच राहावं लागतं. म्हणून अमेरिकेत विमानतळाजवळ राहणारे हौशी लोक घरात रिसीव्हर लावतात आणि तो आवाज इंटरनेटवर सगळ्यांसाठी सोडतात. हे बोलणं ऐकवणारी लाइव्हएटीसी ही वेबसाइट चालते ती अशा लोकांच्या जिवावर. केनेडीवरचे ग्राउंड कंट्रोलर स्टीव्ह अब्राहम, ज्यांना सगळे 'केनेडी स्टीव्ह' म्हणतात, ते २०१७ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या कोपरखळ्या जगभर पोचल्या त्या या घरगुती रिसीव्हरांमुळेच. रिसीव्हर लावणाऱ्या या लोकांपैकी कुणीही त्यातून नोकरी लागावी म्हणून हे करत नाही. माझे वडील रात्री शॉर्टवेव्हची सुई केसभर इकडेतिकडे सरकवत रेडिओ सिलोन पकडायचे. 'याचं पुढे काय?' असं त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नाही, आणि आमचं काही अडलंही नाही.

आता छतावरच्या अँटेनाचं. घेऊन देऊ नका, आणि हे मी आवडीनिवडीच्या मुद्द्यावर म्हणत नाही. अमेरिकेत विमानाचं बोलणं ऐकायला कायद्याची आडकाठी नाही. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हीथ्रो टॉवरचा आवाज तुमच्या मुलाला लाइव्हएटीसीवर कधी सापडला नसेल. आपल्याकडे विनापरवाना वायरलेस यंत्र बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याचा रोखही तोच आहे. त्यात तुम्ही घाटकोपरला, उतरत्या विमानांच्या वाटेखाली. तिथून टॉवरचा आवाज जगाला ऐकवायला लागलात तर दारावर टकटक होईल ती पोलिसांची. ज्या सरकारी नोकरीची स्वप्नं तुम्ही बघताय तिथे चारित्र्य पडताळणी असते, हेही ध्यानात ठेवा. मुलाला कधी स्वतःहून रेडिओत हात घालावासा वाटला तर हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलण्याचा, सरळ रस्ता आहे. बारा वर्षांवरच्या कुणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना आणि व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतं. तो टॉवरशी बोलायचा परवाना नव्हे, पण स्वतःचा आवाज लांब पाठवायची मजा त्यात आहे. हेही त्याने विचारलं तर सांगायचं. फॉर्म भरून त्याच्या उशाशी ठेवायचा नाही.

आता अकॅडमी. इथे मात्र मला रागच आला. तुम्हाला सांगितलं गेलं की बीबीए एव्हिएशन केलं की एटीसीत, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये, जाता येतं. आपल्या नागरी विमानतळांवरचे एअर ट्रॅफिक कंट्रोलर जवळपास सगळे एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया भरते, ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदावर. त्यासाठी पदवी लागते ती फिजिक्स आणि मॅथ्ससह पूर्णवेळ बीएस्सी, किंवा कुठल्याही शाखेचं इंजिनिअरिंग ज्यात एखाद्या सत्रात तरी हे दोन विषय झालेले आहेत. बीबीए यात कुठेच बसत नाही. एव्हिएशन हा शब्द पदवीत असला म्हणजे एव्हिएशनची दारं उघडतात, ही समजूत या अकॅडम्यांच्या पोटापाण्याची सोय आहे. एटीसीचं खरं प्रशिक्षण निवड झाल्यानंतर अथॉरिटीच देते, प्रयागराजला, हैदराबादला किंवा आपल्या गोंदियाला, आणि तेव्हा तुम्ही पगारावर असता. निवडीआधी विकत घेतलेल्या 'एटीसी डिप्लोमा'ला तिथे कुणी विचारत नाही. म्हणजे पोराची आवड जपायच्या नावाखाली तुम्ही २५,००० रुपये भरून त्याच आवडीचं एकमेव मोठं दार बंद करायला निघाला होतात. तो आज जे शिकतोय, ते अकरावीचं फिजिक्स-मॅथ्स, तेच त्या दाराकडे जाणारं आहे. काहीही बदलायची गरज नाही.

परीक्षेबद्दल एवढंच: संगणकावर परीक्षा, मग आवाजाची, मानसिक क्षमतेची आणि वैद्यकीय चाचणी, खुल्या गटाला वयाची मर्यादा २७. २०२५ च्या जाहिरातीत ३०९ जागा होत्या, पण जाहिरात दरवर्षी येईलच असं धरून चालू नका. पुण्याच्या लोहगावला टॉवर हवाई दलाचा आणि गोव्यात दाबोळीला नौदलाचा, तो रस्ता सैन्यदलांतून जातो. हे सगळं बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात बघितलं तरी चालतं. तुमचा मुलगा अकरावीत आहे.

त्याला हे काम जमेल का, असंही तुम्ही मनात विचारत असाल. मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. ऐकणं आणि करणं यात फार अंतर आहे. ऐकणाऱ्याला कंटाळा आला की हेडफोन काढता येतो. नियंत्रकाला रात्रपाळीत एकाच वेळी अनेक विमानं डोक्यात धरून, एकालाही न विसरता, तोच कोरडा स्वर राखायचा असतो. नकाशाचं ते पान बघून मला वाटतं की जागेचं भान त्याला चांगलं आहे. पण या भानाच्या जोरावर माणूस वास्तुविशारद होतो, सर्वेक्षक होतो, भूगोलाचा मास्तर होतो. किंवा पतपेढीत नोकरी करतो आणि रात्री अकराला न्यूयॉर्कची दुपार ऐकत पडतो. यातलं शेवटचं तुम्हाला कमी वाटतंय का, हे एकदा स्वतःला विचारा.

आपल्या भाषेत 'नाद' हा शब्द आवाजालाही आहे आणि वेडालाही. त्याचा होता तो दोन्ही अर्थांनी. तुम्ही आधी त्याला व्यसन मानलंत, मग करिअर. पहिल्या वेळी तो तुमच्यापासून लपवून ऐकत होता, म्हणजे नाद जिवंत होता. मला विचाराल तर तुमचा राग त्याला जितका बाधला नाही तितकं तुमचं कौतुक बाधलंय.

म्हणून 'आवड परत कशी आणायची' याला माझं उत्तर: तुम्ही आणायची नाही. कपाटावर त्या अल्फा-ब्राव्होच्या अक्षरांचा तक्ता लावला असेल तर काढा, गाजावाजा न करता, तो कॉलेजात असताना. काकांना फोन करून सांगा की एटीसीचं काही ठरलेलं नाही. हा फोन मात्र तो घरात असताना करा, त्याला ऐकू जाईल असा. त्याच्याशी बोलायचं असेलच तर पुढच्या वर्षांचं बोलू नका. 'ते ग्राउंडवाले काका का चिडले होते?' असं विचारा. तो 'काही नाही' म्हणेल. म्हणू दे. सहा महिने लागतील, किंवा तो कधीच परत हेडफोन लावणार नाही. दुसरं काही करेल, तेही तुम्हाला नीट समजणार नाही. तेव्हा त्याचा पगार शोधायला जाऊ नका.

२५,००० ची पावती जपून ठेवा. प्रवेश रद्द करून पैसे परत मागणारा अर्ज लेखी द्या, त्यावर तारीख आणि शिक्का घ्या. 'टोकन परत मिळत नाही' असं तोंडी सांगतील, त्यावर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि ती वही जिथून काढलीत तिथे गुपचूप ठेवू नका. त्याच्या हातात द्या, आणि विचारल्याशिवाय घेतली होती हे सांगा.